हाफ तिकिटाच्या गाई

उजाडता उजाडता आमच्या घरामागून आवाज येतो, "महालगाव, उतरा. चला, महालगाव. गुमथळा, तू कुठं चालला? तुझा स्टॉप आला नाही अजून."

नवीन माणसाला वाटावं, घरामागून एसटी जाते. मी मौद्याला भाड्याने राहायला आलो त्या पहिल्या सकाळी मलाही तसंच वाटलं. मागचं दार उघडून पाहिलं तर कोठ्याच्या तोंडाशी खाकी सदरा घातलेला एक वाळका म्हातारा उभा होता आणि माझ्या कमरेला लागेल एवढी एक पांढुरकी गाय, उतारू उतरावा तशी, सावकाश उंबऱ्याबाहेर पाय टाकत होती. तिच्यामागे दुसरी थांबलेली. मागून रेटणारं कोणी नाही, मधे घुसणारं कोणी नाही. एवढी शिस्त मी कोणत्याच बसस्टँडवर पाहिलेली नव्हती.

हे माझे घरमालक, तुळशीराम बावणे. मौद्यात सगळे त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल आहे. ते मला 'सर' म्हणतात आणि आमचा दोघांचा धंदा एकच आहे असं मानतात. "तुमी पुस्तकावर शिक्का मारता, मी तिकीट फाडो. आपला चेहरा कोणी ध्यानात ठेवत नाही, सर. पण आपल्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

त्यांची सगळी नोकरी नागपूर-भंडारा रोडवर कंडक्टर म्हणून गेली. रिटायर झाल्यावर घरामागच्या अडीच एकरात त्यांनी गाई वाढवल्या आणि त्यांना त्या रोडवरच्या थांब्यांची नावं दिली. पारडी, महालगाव, माथनी, मौदा, शहापूर, भंडारा. गुमथळा तेवढा वळू. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, सगळी मंडळी त्याच क्रमाने उभी असतात. एकदा काकाजी एका लग्नाला गेले आणि गाई बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी माथनीच्या जागी शहापूर बांधली. ते परत आले, एक नजर टाकली आणि नवं धोतर सावरत तसेच आत शिरले.

"सर, कन्हानचा पूल यायच्या आधी शहापूर कसं येईन?"

गाई कठाणी जातीच्या. ही आपल्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यातली जात. अंगाने लहान, पायाने हलकी. धानाच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, आणि बांधाधुऱ्यावरच्या गवतावर भागवणारी. धानाच्या चिखलात मोठा बैल रुततो तिथे हे बैल चालून जातात. पण तिला बुटकी म्हटलेलं काकाजींना खपत नाही. "हाफ तिकीट म्हणा," ते सांगतात. "हाफ तिकीट असलं तरी खिडकीपाशी बसाले त्याईलेबी आवडते."

लहान गाईच का, याचं त्यांचं उत्तरही एसटीतलंच. एका जर्सीच्या जागेत त्यांच्या दोन उभ्या राहतात, जरा पुढे सरकवल्या तर तीन. आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न दुधाचा विचारतो.

"दूध किती देते, काकाजी?"

"वासराचं भागते."

"अन् तुमचं?"

"मी चहा काळा पितो."

माणूस थोडा वेळ गाईकडे पाहतो, थोडा वेळ लांबवर दिसणाऱ्या विजेच्या कारखान्याच्या चिमण्यांकडे पाहतो आणि निघतो.

मी एकदा त्यांना मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. दोनचार एकरांचं हिरवंगार शेत, नवराबायको आणि आखूड पायांच्या काळ्याभोर गाई. काकाजींनी चष्मा पुसला आणि तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. त्या गाईंची पाठ किती सरळ, खूर किती साफ, चरताना त्या कशा एकमेकींच्या बाजूने सरकतात, सगळं ते मला दाखवत राहिले. मग विचारलं, "दूध देते का ह्या?"

"नाही काकाजी. मांसासाठी पाळतात."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं, दाखवायला नको होतं.

"आपल्याच्यानं नाही होणार ते," ते म्हणाले. "पण त्या बाईनं वासराचे कान कसे पुसले, पाह्यलं? हाये तोवर नीट पाहून राहिले ते. आपल्या इकडे ट्रॅक्टर आला, तर लोकं गोऱ्हा हायवेवर सोडून देते. अन् मंग त्याच रोडवर गाय दिसली का गाडीतून हात जोडते. मले दोन्हीचा हिशेब लागत नाही, सर."

गोऱ्हे, म्हणजे नर वासरं, हा त्यांच्या जिवाला लागलेला घोर. गाय ठेवायला कोणी तरी तयार होतो, गोऱ्हा कोणालाच नको असतो. काकाजी तो फक्त अशा कास्तकाराला देतात ज्याचं वावर इतकं लहान आहे की त्यात ट्रॅक्टर वळत नाही. आणि दिल्यावर सोडत नाहीत. कधीही, न सांगता, एसटीने त्या गावी जातात आणि फाटकातून आवाज देतात, "चेकिंग हाये."

मी त्यांच्यासोबत एकदोन वेळा गेलो आहे. कास्तकार जेवता जेवता उठतो. काकाजी बैलाच्या मानेवरून हात फिरवतात, जू घासलं आहे का बघतात, खूर उचलून बघतात, शेण बघतात. सगळं ठीक असलं की खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढतात आणि हवेतच टकटक वाजवतात. तेवढ्यावर तो बाप्या सुटतो. एका गावात तर एसटी थांबलेली दिसली की बैल उन्हातून सावलीत न्यायची पद्धतच पडली आहे. काकाजी आले असोत की नसोत.

मागच्या उन्हाळ्यात गाई जास्त झाल्या आणि गवत कमी पडायला लागलं. शहापूर तेव्हा ऐन वयाची कालवड होती, माथनीची लेक. त्याच सुमारास दारात एक भलीमोठी पांढरी गाडी उभी राहिली. आतून सुनीलबाबू उतरले. नागपूरचे ठेकेदार. कळमेश्वरकडे त्यांचं फार्महाउस आहे. लहान गाईंची हल्ली फॅशन आली आहे. त्यांनी कुठेतरी फोटो पाहिला होता आणि त्यांना तशी गाय हवी होती.

काकाजींनी त्यांना बाजेवर बसवलं आणि मुलीच्या बापासारखी चौकशी सुरू केली.

"जागा कशी हाये?"

"टाइल्स लावल्या आहेत. पंखा आहे. स्पीकरवर भजन लावतो सकाळी."

"बाजूले कोण बसन?"

सुनीलबाबूंना प्रश्न कळला नाही. "माणूस ठेवू ना पगारी."

"माणूस नाही. गाईच्या बाजूले कोण?"

"एकच पाहिजे आम्हाला."

"मंग नाही जमत," काकाजी म्हणाले आणि उठले.

सुनीलबाबू गाडीपर्यंत गेले. तिथून वळून, जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "आईला पाहिजे होती हो. बाबा गेल्यापासून ती तिकडेच राहते. तिला गाईचा नाद आहे."

काकाजी कोठ्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी शहापूरचं दावं सोडलं. तिला गाडीत चढवताना ते तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. मला फक्त "पुढं सरक" एवढंच ऐकू आलं.

पाऊसपाणी सुरू झाल्यावर ते एका रविवारी म्हणाले, "चला सर, कळमेश्वरले जाऊ." आम्ही न कळवता गेलो. मौद्याहून नागपूर, तिथून दुसरी गाडी, मग शेअर ऑटो. नागपुरात गाडी बदलताना काकाजींनी नव्या कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनकडे पाहिलं आणि मान फिरवली.

फार्महाउस छान होतं. हिरवळ, झुला, कारंजं. सुनीलबाबू आपल्या मुलाबाळांसह सकाळी येऊन, गाईसोबत फोटो काढून परत गेले होते. शहापूर एका कोपऱ्यात टाइल्सवर उभी होती. गळ्यात कागदी फुलांची माळ, शिंगांना गुलाबी रंग. अंगाने भरली होती. समोर पोळ्यांची चळत आणि हिरवा चारा. काकाजींनी "चेकिंग हाये" म्हटलं नाही. ते तिच्याजवळ गेले, खूर पाहिले. टाइल्सवर घसरू नये म्हणून ती पाय आखडून उभी राहत होती आणि खूर वाकडे वाढले होते. मग ते बाजूच्या उंच ओट्यावर बसले आणि नुसते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मला वाटलं दमले असतील. पाणी आणू का विचारलं.

"थांबा जरा. मी पाहून राहिलो." बऱ्याच वेळाने म्हणाले, "खाते हे. पण रवंथ करत नाही. एकटं जनावर खाऊन घेते, सर, पण निवांत बसून चावत नाही. कोणी मागून येईन का, हेच पाहत राहते."

ते उठले, खांबाची गाठ सोडली आणि दावं हातात घेतलं. "घेऊन जाऊ इले."

मी म्हटलं, "काकाजी, मालक घरी नाहीत. असं कसं नेता येईल? आणि एसटीत गाय कशी नेणार?"

दावं धरून ते तसेच उभे राहिले. तेवढ्यात घरातून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. सुनीलबाबूंच्या आई. खाकी सदरा पाहून त्या आधी घाबरल्या, मग त्यांच्या लक्षात आलं.

"तुमीच का ते कंडक्टर? इंजनवाले?"

"कायचं इंजन?"

"हेच ना गा. इचं नाव इंजन ठेवलं हाये ना पोराईनं."

त्यांच्या नातवंडांनी शहापूरचं नाव एंजल ठेवलं होतं. आजींच्या तोंडी त्याचं इंजन झालं होतं. एरवी काकाजी यावर दिवसभर हसले असते. त्या वेळी ते फक्त म्हणाले, "बाई, मी इले नेऊन राहिलो."

मला वाटलं, आता भांडण होणार. आजींनी काठी भिंतीला टेकवली आणि गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"न्या," त्या म्हणाल्या. "मलेबी कळते. उभीच राहते ते. मी सुनीलले दोनदा म्हणणार होती, वापस देऊन ये म्हणून. पण तो माझ्यासाठी आणून बसला. अन् खरं सांगू का, इले पाठवाचं म्हटलं का माझ्याच तोंडातून शब्द निंघत नव्हता."

काकाजींनी विचारलं, "दुपारी तुमी कुठं असता?"

"इथंच. इच्या बाजूले. दुसरीकडे जाऊन काय करू?"

"अन् बोलता का इच्याशी?"

"बोलते ना. काय बोलते ते नोका विचारू. बुढ्या बाईचं बोलणं. आज वरणात मीठ जास्त झालं, असं."

काकाजींनी दावं पुन्हा खांबाला बांधलं. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तिथल्या पगारी माणसाला बोलावून टाइल्सवर माती आणि तणस पसरायला लावली, माळ काढून टाकली. मला वाटलं, झालं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी गावातला छोटा टेम्पो ठरवला आणि कोठ्यातून माथनीला बाहेर काढलं.

माथनी त्यांची सगळ्यात जुनी गाय. बाकी गाई विकायचा विषय निघायचा, माथनीचा कधी निघाला नव्हता. मी म्हटलं, "काकाजी, दुसरी कोणती पाठवा ना. भंडारा पाठवा."

"भंडारा तिले ढुशा मारन. माय पाठवलेली बरी."

हल्ली गाडीत गाय दिसली की रस्त्यात कोणी ना कोणी थांबवतं. काकाजी संपूर्ण युनिफॉर्म घालून, पितळी बिल्ला लावून, मागे माथनीजवळ उभे राहिले. ज्यांनी थांबवलं त्यांना हा कोणत्या खात्याचा माणूस आहे ते ठरवता आलं नाही. काकाजींनी एकाला "दरवाज्यात उभं राहू नका" म्हणून सुनावलं, तो बाजूला झाला. मी पुढे ड्रायव्हरजवळ मान खाली घालून बसलो होतो.

माथनीला उतरवलं तेव्हा मला वाटलं होतं, मायलेकी हंबरतील, काहीतरी बघण्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही. दोघींनी एकमेकींचा वास घेतला. माथनी तिथल्या चाऱ्याला तोंड न लावता तणसावर फतकल मारून बसली, स्वतःच्या घरी बसावी तशी. थोड्या वेळाने शहापूर तिच्या पाठीला पाठ लावून बसली. मग तिचा जबडा हळूहळू हलायला लागला. आजींनी तोंडाला पदर लावला आणि चहा मांडायला आत गेल्या.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "ह्या मोठीचं नाव काय गा?"

"माथनी. अन् इचं खरं नाव शहापूर."

"हे काय नावं झाले? काहून ठेवले असे?"

मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहतो. नावं थांब्यांची आहेत हे मला माहीत होतं आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

काकाजींनी बशी खाली ठेवली. "आमची सुमित्रा माहेरून अशीच एक गाय घेऊन आली होती," ते म्हणाले. "माझी मुक्कामी गाडी असे. भंडाऱ्याले रात काढो, सकाळी वापस. घरी सुमित्रा अन् ते गाय. गंज बोले तिच्याशी, दिवसदिवस. मी घरात आलो का चूप. मी म्हणो, गाईले काय कळते वं? ते हासे. मंग सुमित्रा गेली, अन् गाईनं खाणं सोडलं. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. बोलून पाह्यलं. पण सुमित्रा काय बोले ते मले माहीत कुठं होतं? मी कधी ऐकलंच नाही. मले काय येते? मी स्टॉप सांगत बसलो. पारडी, महालगाव, गुमथळा, माथनी. भंडाऱ्यापरेंत गेलो, मंग उलटा नागपूरले आलो. तिनं कान हलवले. तिची पिलावळ झाली, त्याईले मंग तेच नावं ठेवले."

आजींनी काकाजींच्या बशीत अजून थोडा चहा ओतला. काकाजींनी तो दुधाचा चहा मुकाट्याने पिऊन टाकला.

परत येताना टेम्पो रिकामा होता, तरी ते मागेच उभे राहिले. पुढे या म्हटलं तर म्हणाले, "सवय हाये."

आता शहापूरच्या जागेसारखी माथनीचीही जागा रिकामी आहे. काकाजींनी मौदा पुढे सरकवली नाही. गाईही त्या जागेला पाय लावत नाहीत, हे मी बघितलं आहे. सुनीलबाबूंनी खाली माती टाकून तिकडे नीट कोठा बांधून दिला आणि शहापूरच्या शिंगांचा रंग उतरवला, असं आजींनी कळवलं. त्या फोन करतात. दिवेलागणीला काकाजींचा बटणांचा फोन वाजतो. ते स्पीकर लावून तो पायरीवर ठेवतात आणि बाजूला बसतात. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा मला वाटलं फोन बिघडला आहे, कारण कोणी बोलतच नव्हतं.

"आवाज येते का गा?" आजी विचारतात.

"पाण्याचा येते. नळ बंद करा."

"आता?"

"हाव. आता येते."

मी वाकून कान दिला. खरोखर येत होता. ओला, संथ, दळल्यासारखा आवाज, मधेच एक लांब उसासा आणि पुन्हा दळण. आजी फोन गाईंच्या तोंडाशी धरून बसल्या होत्या.

"हे शहापूर हाये," काकाजी मला म्हणाले. त्यांना आवाजावरून कळतं की ते उगाच म्हणतात, मी विचारलं नाही.

एकदा मात्र विचारलं, हे किती वेळ चालतं. ते म्हणाले, गाईचं होईपर्यंत. पण मी माझ्या खोलीत चुलीवर भात ठेवून ऐकत असतो, आणि गाईचं कधीच होऊन गेलेलं असतं. फोनमधून काहीच येत नाही. काकाजी पायरीवर तसेच बसलेले असतात आणि तिकडून कोणी फोन ठेवत नाही. बऱ्याच वेळाने ते फोनकडे जरासे वाकतात.

"हाये का, बाई?"

"हाव गा. हाये."